मागास पेरा

खुर्शिदचाचींचं माहेर शिरूरचं. जुनी माणसं त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. त्यांचे वडील बाबुलाल तिथल्या बाजारात मापाडी होते. गाड्यांतून आलेलं धान्य पायलीनं मोजून द्यायचं, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी हातपाय चालले तोवर केलं. लहानपणी चाची दुपारची भाकरी घेऊन बाजारात जायच्या आणि वडील जेवेपर्यंत पोत्यांच्या तोंडात हात घालत बसायच्या. हात कोपरापर्यंत सरळ आत गेला तर धान्य चांगलं वाळलेलं, मध्येच अडला तर ओलसर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खेळता खेळता कळलं होतं.

लग्न होऊन त्या आमच्या भांडगावात आल्या. नवरा रहीम, घरात दुसरं कुणी नाही. सासरे लग्नाआधीच गेलेले. त्यांनी मागं ठेवलेली जमीन ओढ्याच्या कडेला होती, काळी, खोल. विहीर नव्हती. सगळं पावसावर. पण सासऱ्यांनी उताराच्या बाजूला दगडमातीची जाड ताल घातली होती, त्यामुळं पावसाचं पाणी वाहून जायच्या ऐवजी रानातच मुरायचं. त्या रानात रब्बीची ज्वारी निघायची. तिला आमच्याकडं शाळू म्हणतात. वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा त्यातूनच.

शेजारचं रान माझ्या चुलत आजोबांचं, हौशीरामआप्पांचं. आप्पांची आणि रहीमच्या वडिलांची दोस्ती होती. एकाच्या रानात काम अडलं की दुसऱ्याचे बैल बांध ओलांडून यायचे. ही गोष्ट मी थोडी घरच्यांकडून आणि बरीचशी चाचींच्या तोंडून ऐकली आहे.

सत्तावन्न सालचा तो हंगाम. खरं तर त्याची सुरुवात छप्पनच्या भाद्रपदातच झाली. ज्या दिवसांत शेतकऱ्यानं रानात असायचं, नेमकं त्याच वेळेला रहीमनं अंथरूण धरलं. आधी अंग दुखतंय म्हणून दोन दिवस तसाच कुळव धरून हिंडला. मग ताप चढला तो उतरेचना. गावात काढे झाले, अंगारा झाला, दर्ग्यावर नवस झाला. तो बरळायला लागला तेव्हा चाचींनी माहेरी सांगावा धाडला आणि वडिलांचा उलट निरोप आला की इकडंच घेऊन ये, इथं डॉक्टर आहे.

आप्पांनी स्वतःची गाडी जुंपली. गाडीत कडबा अंथरला, त्यावर वाकळ, वाकळेवर रहीम. भीमा भरून वाहत होती. नावाड्यानं आधी नाही म्हटलं. आप्पा त्याच्याशी बराच वेळ बोलत बसले, आणि शेवटी त्यानं नाव सोडली. पलीकडं बाबुलाल दुसरी गाडी घेऊन उभे होते. रहीमला नावेत ठेवताना आप्पांनी चाचींना एवढंच सांगितलं, "पोरी, मागची काळजी करू नको. जनावरं माझ्या गोठ्यात ऱ्हातील."

शिरूरच्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप असल्याचं सांगितलं. औषध सुरू झालं. ताप उतरला, घरच्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि आठवडाभरात तो पुन्हा उलटला. त्या दिवसांबद्दल चाची फार बोलायच्या नाहीत. पेजेची वाटी, ओल्या फडक्याच्या घड्या, वडिलांची नमाज, आईची कुजबुज, असं तुटक तुटक सांगायच्या. पण एक गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली. नवरा जगतो की नाही हे कळत नव्हतं, तरी बाहेर पाऊस वाजायला लागला की त्यांच्या मनात यायचं, हा पाऊस आपल्या रानात पडत असेल का? तालीला पाणी अडलं असेल का? मग त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. माणूस असा पडलेला आणि आपल्याला रान सुचतंय. एकदा ही लाज त्यांनी वडिलांपाशी बोलून दाखवली. बाबुलाल म्हणाले, लाज कसली? तो उठल्यावर खाणार काय, याची चिंता तुला आहे, म्हणजे तो उठणार हे तुझ्या मनानं धरलंय.

दसरा गेला, दिवाळी गेली. शाळूची पेरणी दसऱ्याच्या आगेमागे उरकते. पावसाळाभर रान मोकळं ठेवून पाणी मुरवायचं, वर आलेलं तण कुळवानं मोडायचं, आणि ओल बेताची झाली की पाभरीनं बी जमिनीत सोडायचं. ही जी नेमकी वेळ असते तिला घात म्हणतात. घात साधली की निम्मं पीक घरात आलं म्हणायचं. त्या सालची घात रहीमच्या उशाशी बसून गेली.

कार्तिकी पुनव झाल्यावर डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला परवानगी दिली. तो वाचला होता, पण पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्यानं उचलत नव्हता. जड कामाला चैत्रापर्यंत हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता भीमेचं पाणी उतरलं होतं. गाडी नदी ओलांडून आमच्या बाजूला आली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू दिसायला लागला. गुडघ्याएवढा, हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा. चाचींनी मान खाली घातली. आपल्या रानात कंबरेएवढं गवत माजलं असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

गाडी ओढ्याशी आली तेव्हा रहीमनं हाक मारून थांबवली. त्यानं आधी बघितलं. रान काळंभोर, सारखं, एक काडी गवताची नाही. जणू सकाळीच कुणी कुळवून गेलं होतं.

आणि सकाळीच गेलं होतं. आप्पा तिथंच बांधावर बैल सोडून बसले होते. रहीमला शिरूरला नेल्यापासून प्रत्येक पावसानंतर, स्वतःच्या रानाची कुळवाची पाळी झाली की ते बैल तसेच बांधावरून या रानात घालत होते. वरची माती मोकळी राहिली की खालची ओल उडत नाही. दिवाळीच्या सुमाराला आणखी एक जोरकस पाऊस येऊन गेला होता, त्यानंतरही त्यांनी पाळी घातली होती. चाची नुसत्या रानाकडं बघत राहिल्या.

आप्पा मात्र ओशाळले होते. आपली पेरणी झाल्यावर हेही रान पेरून टाकायला हवं होतं, असं त्यांना सारखं वाटत होतं. बायकोनं, सिंधूबाईंनी, तसं सुचवलंही होतं.

"माझा हातच झाला न्हाई," आप्पा म्हणाले. "पयली मूठ घरच्यानं सोडायची असती. रहीम तिकडं तसा, आन् मी हितं त्याच्या रानात मूठ सोडायची, म्हंजी तो येणारच न्हाई असं धरल्यावानी झालं असतं. मला ते जमलं न्हाई, पोरी."

चाचींनी त्यांना सांगितलं की तुम्ही केलंत तेच बरोबर केलंत. मग त्या गाडीतून उतरल्या, रानात गेल्या आणि खाली बसून त्यांनी माती उकरली. वरची बोटभर माती कोरडी, भुरभुरीत होती. त्याखाली रंग बदलला. आणखी खाली हात गेला तेव्हा बोटांना गार लागलं. मूठभर माती घेऊन त्यांनी दाबली, तिचा लाडू झाला. आप्पांनी तो लाडू त्यांच्या हातातून घेतला आणि जमिनीवर टाकला. तो चेंदला नाही, फुटला. ओल जास्तही नव्हती, कमीही नव्हती.

"खोल पेरलं तर उगवंल," आप्पा म्हणाले. "पुढचं देवाच्या हाती."

दुसऱ्या दिवशी पाभर आली. रहीमला घोंगडीत गुंडाळून तालीवर आणून बसवलं. सिंधूबाईंनी बी आणलं होतं, कारण चाचींच्या घरातली ज्वारी औषधपाण्यात आणि खाण्यात संपली होती. पहिली मूठ रहीमच्या हातात दिली. पाभरीच्या मागं जे लाकडी चाडं असतं, ज्यातून बी नळ्यांवाटे जमिनीत जातं, त्याच्यापर्यंत त्याला दोघांनी धरून नेलं. त्यानं मूठ सोडली. थोडे दाणे बाहेर सांडले. ते चाचींनी वेचून आत टाकले आणि पुढची मूठ स्वतः धरली. दिवसभर आप्पा बैल हाकत होते आणि मागं चाची चाड्यावर चालत होत्या.

गावात या पेऱ्याचं कुणाला काही वाटलं नाही असं नाही. हरिबा म्हणून एक पोक्त शेतकरी होते. ते मुद्दाम येऊन सांगून गेले की दाण्याची आशा धरू नका, कडबा झाला तरी पुष्कळ समजा. त्यात कुचेष्टा नव्हती. मागास, म्हणजे उशिराच्या, पेऱ्याचं तेच होतं. थंडी संपते, ऊन तापतं, आणि दाणा भरायच्या वेळेला जमिनीत ओल उरत नाही.

ज्वारी उगवली. पौषात थंडी कडक पडली, सकाळी पानांवरून दव ठिबकायचं. सगळ्यांच्या शाळूला कणसं आली तेव्हा चाचींचा शाळू मांडीएवढा होता. त्यांनी कोळपं धरलं. बैल घरचेच होते, आप्पांच्या गोठ्यातून परत आले होते. सोबतीला नकुशी नावाची मोलमजुरी करणारी बाई यायची. ती नवऱ्यामागं एकटी होती, कामाला वाघीण आणि बोलायला अगदी कमी. काळ्या रानाला थंडीत भेगा पडायला लागतात आणि त्या भेगांतून ओल निघून जाते. कोळपं फिरवलं की माती सरकून भेगा बुजतात. त्या दोघी बायांनी ते रान पुन्हा पुन्हा कोळपलं. चाची सांगायच्या, बुजवायच्या आधी भेगेत हात घालायचा. आतून गार लागलं की त्या दिवसापुरता धीर यायचा.

माघ संपता संपता बाकीच्यांची काढणी सुरू झाली. भांडगावात, कासुर्डीत, सगळ्या शिवारात ज्वारी आडवी पडायला लागली. चाचींची तेवढी उभी, कणसांत नुकतं दूध भरत होतं. मग सगळ्या शिवारातली पाखरं तिथं गोळा झाली. त्यांना दुसरं खायलाच कुठं उरलं नव्हतं. उजाडलं की थवेच्या थवे उतरायचे. चाची माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायच्या, नकुशी खालून डबा बडवायची. एका कडेची हाकलली की दुसऱ्या कडेला बसायची. दोघींचे घसे बसले. ते बघून सिंधूबाई स्वतःची काढणी चालू असताना सकाळचा एक पहर इकडं यायला लागल्या. त्यांच्या मागून वस्तीवरच्या आणखी दोघी आल्या. रानाच्या चारी कोपऱ्यांत बाया उभ्या राहिल्या आणि पाखरांना बसायला जागा मिळेना.

होळीच्या आधी आभाळ आलं. फाल्गुनात आमच्याकडं कुणी पावसाची वाट बघत नाही, उलट भीतीच असते. त्या वेळेला निम्म्या गावाची ज्वारी काढून रानात पसरलेली होती आणि बाकीची खळ्यावर कणसांच्या ढिगात होती. झाकायला पाचट आणि घोंगड्या, दुसरं काय? दुपारी वारा सुटला आणि पाऊस कोसळला. दोन दिवस तो थांबून थांबून येत राहिला. गारा पडल्या नाहीत, एवढीच दया.

ऊन पडलं तेव्हा कणसांतून वाफ निघत होती. चार दिवसांत दाणा काळा पडायला लागला. ढिगातल्या कणसांना तर मोड फुटले. हौशीरामआप्पांची सगळी ज्वारी रानात आडवी होती. तिचं तोंड काळं झालं, कडबा कुजका वास मारायला लागला. खायला ती कशीबशी चालली असती, पण बी म्हणून धरण्यासारखी राहिली नव्हती. भिजलेला दाणा उगवेल याचा भरवसा नसतो.

आणि चाचींच्या रानात त्याच पावसानं दिवाळी झाली. कणसांत दूध होतं, त्या वेळेला पाणी मिळालं. ओढ्याकडचा एक कोपरा वाऱ्यानं लोळला, बाकी सगळी ज्वारी धुतल्यासारखी उभी. आठवडाभरात कणीस हाताला जड लागायला लागलं.

चाची म्हणायच्या, त्या आठवड्यात मला आनंद करता येईना. ज्या माणसानं आपलं रान राखलं त्याचंच गेलं. सिंधूबाईंपुढं कोणत्या तोंडानं जायचं, असं त्यांना झालं होतं. तरी त्या गेल्या. सिंधूबाई खळ्यावर बसून कणसं उलटीपालटी करून वाळवत होत्या. चाची त्यांच्या शेजारी बसल्या आणि कणसं उलटायला लागल्या. मग सिंधूबाईच म्हणाल्या,

"तुझं उभं हाय न्हवं? मी सकाळी उठले की आधी तिकडं बघती. सगळ्या शिवारात तेवढंच बघण्यासारखं हाय."

चाचींना तिथं रडू आलं. सिंधूबाईंनी त्यांना रडू दिलं, हातातलं काम मात्र थांबवलं नाही.

पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून रमजान लागला. ज्वारी काढणीला आलेली. रहीम आता काठी टेकत रानापर्यंत यायचा, पण वाकून काम करणं त्याला शक्य नव्हतं. चाचींनी ठरवलं की आपण, नकुशी आणि आणखी एखाददुसरी बाई मिळून जमेल तसं काढायचं. लांबलं तर लांबलं. पहाटेची सहरी करून, रोजा धरून त्या दिवस उगवायच्या वेळेला रानात गेल्या.

रानात माणसं होती. हौशीरामआप्पा, सिंधूबाई, हरिबा, त्यांची घरची, वस्तीवरच्या बाया. काहींनी बैल आणले होते. ओळी धरून काम सुरूही झालं होतं. आमच्याकडं याला इर्जिक म्हणतात. कुणाचं काम अडलं की गावानं माणसं-बैल घेऊन जायचं, मजुरी घ्यायची नाही, ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. चाचींना ते बघून पहिली धास्ती बसली ती जेवणाचीच. घरात काही केलेलं नव्हतं. त्या तशाच मागं फिरल्या. सिंधूबाईंनी त्यांना अडवलं. म्हणाल्या, तुझा रोजा आहे, आज तू चुलीपुढं बसायचं नाही, आम्ही आमच्या भाकरी बांधून आणल्यात. जेवण काय, ईदीला घाल.

ज्वारी मुळासकट उपटायची, तिच्या पेंढ्या बांधायच्या, मग कणसं खुडायची. चैत्राचं ऊन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. चाची सगळ्यांबरोबर ओळ धरून होत्या. बसा म्हटलं तरी ऐकेनात. पण दुपारी चाचींच्या लक्षात आलं की आपल्या वाट्याला येणारी प्रत्येक ओळ बांधावरच्या बाभळींच्या सावलीतली आहे. नकुशी पुढं पुढं जाऊन उन्हातल्या ओळी स्वतः धरत होती आणि सावलीतल्या सोडत होती. बाकीच्या बायांनीही ते ओळखलं होतं आणि त्या आपोआप तशाच सरकत होत्या.

खळं सारवून घेतलं, मळणी झाली. बैल तिवड्याभोवती, खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरले, कणसांचा चुरा झाला. मग वाऱ्याची वाट बघणं आलं. दुपार कलल्यावर पश्चिमेकडून वारा लागला आणि आप्पांनी उंच तिपाईवर चढून उफणायला घेतलं. भूस उडून बाजूला पडायला लागलं आणि खाली दाण्यांची रास वाढायला लागली.

रास उभी राहिली त्या दिवशी शिरूरहून बाबुलाल आले, आपली पायली घेऊन. मुलीच्या खळ्यावर दुसऱ्याच्या पायलीनं मोजायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते राशीपुढं बसले. ओंजळभर ज्वारी घेतली, फुंकर मारली, तळहातावर पसरून उन्हाकडं धरली. एक दाणा दाताखाली फोडला. मग त्यांनी राशीत हात घातला, तो कोपराच्याही वर आत गेला. गेले पंधरा दिवस बाजारात काळी आणि कुबट ज्वारी मोजून त्यांचा जीव विटला होता. ते म्हणाले, "या साली असा दाणा मी बघितला न्हाई. ह्यो खायला घालू नका, पोरी. निदान सगळा तरी न्हाई. हे बियाणं हाय."

चाचींच्या मनातही तेच होतं, फक्त वडिलांनी बोलेपर्यंत त्या थांबल्या होत्या. त्यांनी रहीमकडं बघितलं. रहीमनं मान डोलावली. बाजारातले मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बाबुलाल पहिली पायली भरून 'लाभ' म्हणाले, तेव्हा चाचींनी ती पायली आप्पांच्या धोतराच्या ओच्यात ओतायला सांगितली.

आप्पा मागं सरले. म्हणाले, "ह्ये काय चाललंय? मी इर्जिकीला आलोय."

"ही मजुरी न्हाई, आप्पा," चाची म्हणाल्या. "तुमचं बी पेरलं, तुमचंच बी आलंय. ते तुमच्या रानात जाऊ द्या. तुमच्या पेऱ्याला लागंल तेवढं न्या."

आप्पा ऐकेनात. दिलेलं बी थोडं होतं, परत घ्यायचं तर तेवढंच घेईन, वर एक दाणा नाही, असं ते धरून बसले. शेवटी रहीमनं तोड काढली. तो काठी टेकत पुढं आला आणि म्हणाला की आप्पा, तुमची भिजलेली ज्वारी आमच्या बैलांना द्या, आणि ही तुम्ही न्या. आमच्या बैलांना वर्षभर काहीतरी लागणारच आहे. आप्पांना ते पटलं की त्यांनी पटवून घेतलं कोण जाणे. त्यांनी ओचा पुढं केला. तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, असं चाची सांगायच्या. घरची माणसं म्हणतात, भूस गेलं होतं.

मग तीच रीत बाकीच्यांनाही लागू झाली. हरिबा आले, वस्तीवरचे आले, कासुर्डीचे दोघंतिघं ऐकून आले. ज्याला बी हवं त्यानं आपली काळी पडलेली ज्वारी आणायची आणि उजळ न्यायची. नकुशीला तर रान नव्हतं. तिच्या घरी चाची स्वतः पोतं घेऊन गेल्या आणि खायला म्हणून ठेवून आल्या. ती त्यांना दारातच उभी करून म्हणाली, "भाभी, आत या. माझ्याकडं कुणी पोतं घेऊन कवा आलं न्हाई. जरा बसा." चाची बसल्या. रोज्यामुळं पाणी घेता येत नव्हतं, तर नकुशी त्यांच्यापुढं नुसती पदरानं वारा घालत बसली.

ईदीला मात्र चाचींनी जेवण घातलं. इर्जिकीला आलेलं सगळं माणूस जेवलं. हिंदू घरांसाठी सिंधूबाईंनी वेगळी चूल मांडून पुरणपोळ्या केल्या, पण शिरखुर्म्याची पातेली दोन्हीकडं फिरली. बाबुलाल शिरूरहून शेवया घेऊन आले होते. आप्पा शिरखुर्म्याचा तिसरा वाडगा घेताना सिंधूबाईंनी डोळे वटारले, ते त्यांनी बघितलंच नाही असं दाखवलं.

चाची पुढं पुष्कळ जगल्या. त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. कालवा आला, त्यांच्या रानात ऊस उभा राहिला, शाळू मागं पडला. तरी त्यांना कुणी चांगलं साल कोणतं असं विचारलं तर त्या त्याच सालाचं सांगायच्या. त्या साली घरात धान्य काही फार आलं नव्हतं. निम्मं तर गावात गेलं आणि त्या बदल्यात आलेली ज्वारी बैलांनीच खाल्ली. "पण त्या साली मला कळलं, की आपण एकटे न्हाई," असं म्हणून त्या थांबायच्या आणि हाताशी असेल ते निवडायला लागायच्या.

त्या सालचं त्यांनी मला शेवटचं म्हणून जे सांगितलं ते ईदीनंतरचं आहे. वैशाखात रान नांगरायला काढलं होतं. आप्पा नांगर धरून होते. चाची भाकरी घेऊन गेल्या तेव्हा आप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते आणि नांगर चालत होता. नांगरामागं रहीम होता. काठी तालीला टेकवून ठेवलेली. बैल त्याला ओळखत होते, ते हळू चालत होते. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथं बैल थांबवले, पाठ ताणून सरळ उभा राहिला आणि धापा टाकत इकडं बघून हसला. त्याच्यामागं उलटलेल्या ढेकळांची एक लांबच लांब ओळ होती, जरा वाकडी. चाचींनी टोपली खाली ठेवली आणि तो वळून परत येईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.